मिरची घरी लावायची, तर बी पेरावं की रोप आणावं?

मे निम्मा सरला की हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. कुंडी आहे, माती तयार आहे, गॅलरीत पाच-सहा तास ऊन येतं. आता बी घरीच टाकू की नर्सरीतून रोप आणू? पुण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत मी गेली सात-आठ वर्षं दोन्ही करून पाहिलंय. पण हे एका गॅलरीतलं शहाणपण आहे, कृषी विद्यापीठाची शिफारस नव्हे, एवढं धरून वाचा.

रोपाची बाजू आधी मांडतो, कारण ती सरळ आहे. जूनच्या सुरुवातीला पिशवीतलं वीतभर रोप आणलं तर आमच्याकडे ऑगस्टमध्ये पहिली मिरची फोडणीत पडते. त्याच दिवशी बी टाकलं, तर तीच मिरची गणपती उलटून जाईपर्यंत वाट पाहायला लावते. बी रुजायला आठ-दहा दिवस, पुढे पाच-सहा आठवडे त्या सुतासारख्या रोपांची उठबस, आणि त्यातली किती टिकतील याची हमी नाही. पहिल्या वर्षी मी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यातच बी टाकलं होतं) हौसेनं चिंब ठेवलं. वीस रोपं वर आली होती. त्यांतली चौदा एका रात्रीत मातीलगत सुकून दोऱ्यासारखी झाली आणि आडवी पडली. आता वरची माती कोरडी दिसल्याशिवाय मी पाण्याला हात लावत नाही, पण हे कळायला चौदा रोपं गेली. रोप आणणारा या सगळ्यातून सुटतो. घरात एकच कुंडी ठेवायची असेल आणि याच पावसाळ्यात मिरची हवी असेल, तर त्यानं बियांच्या भानगडीत पडू नये, असं मी प्रामाणिकपणे सांगतो.

मात्र रोपाची घाई मार्चमध्ये कामाला येत नाही. होळीनंतर आणलेलं रोप एप्रिलमध्ये फुलांनी भरतं, आपण खूश होतो, आणि पारा अडतीस-एकोणचाळीसवर गेला की रोज सकाळी कुंडीत फुलांचा सडा. देठासकट गळतात. रोपाचं काही बिघडलेलं नसतं, मिरचीला एवढ्या उष्म्यात फळ धरवत नाही, एवढंच. म्हणजे एवढं आधी आणून मिळवलं काय, तर तेवढे दिवस जास्त पाणी घालणं.

पैशांचा हिशेब मी करत नाही. दोन्हीकडे रक्कम चहाच्या खर्चाइतकीच आहे.

जातीचा मुद्दा मात्र बियांच्या पारड्यात जड आहे. शहरातल्या नर्सरीत मी पाहिलंय ते असं, की मिरचीच्या जाती दोनच: ‘तिखट’ आणि ‘भज्याची’. एकदा ‘तिखट’ म्हणून आणलेल्या रोपाला दोन महिन्यांनी बोटाएवढ्या जाड, सपक मिरच्या लागल्या. भजी उत्तम झाली, तक्रार नाही. पण ठेचा करायचा राहिला. बी टाकणाऱ्यासमोर सगळा मुलूख मोकळा असतो. वाण्याकडच्या वाळक्या मिरचीतली ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, नागपूरकडची भिवापुरी, आणि गोव्यातल्या काणकोणचा कुणी मित्र असेल तर तिथल्या डोंगरउतारांवर पावसाच्या पाण्यावर येणारी खोला मिरचीसुद्धा. एका पूर्ण पिकून वाळलेल्या मिरचीतलं बी अख्ख्या गॅलरीला पुरून उरतं. मात्र हिरव्या मिरचीतलं घेऊ नका, ते कोवळं असतं. फार जुन्या मिरचीतलं रुजेलच असं नाही. आणि मूळ मिरची संकरित असेल, तर रोपं आईवर जातीलच याची खात्री नाही. ब्याडगी आमच्याकडे रंगाला आली, पण अंगानं नाही. चार-पाच मिरच्या धरून गप्प बसली. लवंगी मात्र अशी रमली, की तिचं पहिलं झाड तीन वर्षं उभं होतं. मिरचीचं झाड एका हंगामाचं नसतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. थंडी सरता सरता छाटलं आणि मूठभर शेणखत दिलं की पुन्हा फुटतं.

(शेजारी ढोबळी लावली की लवंगी सपक होते, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. मधमाशीनं पराग मिसळले तरी त्या झाडावरची मिरची तशीच तिखट राहते. फरक पडलाच तर तिच्या बियांतून येणाऱ्या पुढच्या रोपांत.)

आता मी बियांकडे वळलो त्याचं खरं कारण. हेच लवंगीचं झाड, तिसऱ्या वर्षाच्या जुलैत, मिरच्यांनी लगडलेलं. त्याच्याशेजारी मी नर्सरीतून आणलेलं एक तजेलदार रोप ठेवलं. पानं हिरवीगार, किडीचा मागमूस नाही, निदान माझ्या डोळ्यांना तरी नाही. आठवड्याभरात नव्या रोपाचा शेंडा आखडला. कोवळी पानं अरुंद आणि कडक झाली, कडा खाली वळल्या आणि पान पालथ्या होडीसारखं दिसायला लागलं. पंधरा दिवसांत तीच कळा लवंगीवर.

शेतकरी याला बोकड्या म्हणतात, कुठे चुरडा-मुरडा. नाव एक असलं तरी करणारे तीन आहेत, आणि हे ओळखायला मला एक झाड गमवावं लागलं. पानाच्या कडा वर वळल्या तर बहुधा फुलकिडे, म्हणजे पानातला रस शोषणारे बारीक किडे. खाली वळल्या तर कोळी (भिंतीवर जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा), जो इतका बारीक असतो की भिंगाशिवाय दिसत नाही आणि शेंड्याच्या कोवळ्या घडीत दडून बसतो. तिसरा प्रकार विषाणूचा, जो पांढरी माशी या झाडावरून त्या झाडावर पोचवते. त्याला औषधच नाही, झाड उपटणं हाच उपाय. आणि यातली वरताण म्हणजे हा कोळी पांढऱ्या माशीच्या पायाला चिकटून फुकट प्रवास करतो. म्हणजे एकीला घरात घेतलं की दुसरा पाहुणा तिच्यासोबत आलाच.

मी काय काय केलं ते सांगत नाही, कारण तुम्हीही तेच कराल. निंबोळी तेल, आंबट ताक, लसणाचं पाणी, शेजारच्या काकूंनी सुचवलेली चुलीतली राख (चूल कुठून आणणार, तो भाग वेगळा). पाण्यात विरघळणारं गंधक मारल्यावर थोडा उतार पडला. पण तोवर झाडाला फुटायला शेंडाच उरला नव्हता. दसऱ्याला मी ते उपटलं. कुंडी रिकामी करताना मुळांचा एवढा गच्च लगदा निघाला, की हात थांबला.

नर्सरीवाल्याला मी दोष देत नाही. हजारो रोपं एकाला एक खेटून ठेवल्यावर एका रोपाचं दुखणं सगळ्यांना लागणारच. चांगल्या रोपवाटिका जाळीच्या आत प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे छोट्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये, रोपं वाढवतात. तशी एखादी तुमच्या जवळ असेल, तर माझं म्हणणं बरंचसं निकामी ठरतं. बियांतून आलेल्या रोपावर बोकड्या येत नाही असंही नाही. उडत येणाऱ्या माशीला कोण अडवणार? पण बियांसोबत कोळी घरात शिरत नाही. माझ्या गॅलरीत त्यानंतरच्या चार पावसाळ्यांत बोकड्या एकदाच दिसला, तोही एका फांदीवर, आणि ती फांदी कापून भागलं. एवढ्यावरून नियम काढता येत नाही. मी मात्र तेव्हापासून रोप आणलेलं नाही.

तुम्ही आणणार असाल, तर दोन गोष्टी करा. खरेदी करताना रोप उंच किंवा फुललेलं बघू नका. शेंड्याची दोन-चार पानं उलटून बघा, आणि जमल्यास खिशात भिंग ठेवा. घरी आणल्यावर पंधरा दिवस इतर झाडांपासून दूर, दुसऱ्या खिडकीत ठेवा. फुलं आलेली असतील तर पहिली खुडून टाका. मन होत नाही, पण मुळं धरायला त्याला वेळ मिळतो.

यंदा धाकट्या बहिणीला मिरची हवी होती. तिच्या घरी दुसरं एकही झाड नाही आणि धीर तर मुळीच नाही. म्हणून तिच्यासाठी मी नर्सरीतून दोन रोपं घेतली. दुकानातून थेट तिच्या घरी पोचवली. वाटेत आमचं घर लागतं, बायकोनं चहाला वर बोलावलं, तर मी रोपं खाली गाडीतच ठेवून वर गेलो.