अँटेनाच्या आत काहीच नव्हतं

आधी पैशांचं सांगून टाकतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. बाइक चालवताना एकमेकांशी बोलायला हेल्मेटला लावतात ते इंटरकॉम घेतले, दोन्ही नकली निघाले, त्यांचे मिळून २३,००० रुपये गेले. शिवाय ६,५०० रुपयांचं चांगलं हेल्मेट मी माझ्याच हातानं निकामी केलं, ते वेगळं.

आम्ही तिघं मित्र पुण्याहून दर पावसाळ्यात एक तरी मोठी राइड करतो. तिघांपैकी एकाकडे नावाजलेल्या परदेशी कंपनीचा मेश इंटरकॉम आहे, दुकानातून पूर्ण किंमत मोजून, बिलासकट घेतलेला. आम्ही दोघं मात्र इतकी वर्षं हॉर्न आणि हातवाऱ्यांवर भागवत होतो. एका युनिटचा आकडा तीस हजारांच्या वर गेला की आपण ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणतो, तसंच चाललं होतं.

मेशचा मोह का, तेही सांगतो. साध्या ब्लूटूथ इंटरकॉममध्ये गाड्या साखळीसारख्या जोडल्या जातात, पहिला दुसऱ्याशी आणि दुसरा तिसऱ्याशी. मधला पेट्रोलला थांबला की पुढच्या-मागच्यांचा संबंध तुटतो. मेशमध्ये प्रत्येक युनिट बाकीच्या सगळ्यांशी बोलू शकतं, आणि मागे पडलेला टप्प्यात आला की आपोआप परत जोडला जातो. घाटात हा फरक फार मोठा असतो. त्यामुळे ‘मेश’ हा शब्द दिसला की आमच्यासारख्यांचे डोळे चमकतात, आणि विकणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं.

जूनच्या सुरुवातीला इन्स्टाग्रामवर एक पान दिसलं. मित्राकडे आहे तेच मॉडेल, ‘कस्टममधून सुटलेला लॉट’, एक नग ११,५००. फोनवर माणूस अतिशय गोड. पहिल्याच कॉलवर म्हणाला, “दादा, बाजारात नकली माल फार आलाय. माझ्याकडून घेऊ नका हवं तर, पण कुठूनही घेताना तपासून घ्या.” मग त्यानं अस्सल माल कसा ओळखायचा याचा व्हिडिओ पाठवला. हिरवी सतरंजी, त्यावर खोका, आणि तांब्याचं कडं घातलेला एक हात. हा हात एकेक गोष्ट दाखवतो: होलोग्राम बघा, सील बघा, क्यूआर कोड स्कॅन करा.

खोका आल्यावर मी नेमक्या याच तीन गोष्टी तपासल्या. होलोग्राम चमकला, सील शाबूत होतं, क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कंपनीच्या लोगोसकट ‘अभिनंदन, आपले उत्पादन अस्सल आहे’ असं पान उघडलं. त्या पानाचा पत्ता कंपनीचा नव्हता, त्यात दोन अक्षरं जास्त होती, हे मी वीस दिवसांनी पाहिलं. परीक्षा त्याची, पेपर त्याचा, आणि मी पैकीच्या पैकी मार्क देऊन मोकळा.

पैसे दोन टप्प्यांत गेले होते. ३,००० बुकिंगचे, कुरियरची पावती आल्यावर २०,०००. यूपीआयवर एका बाईंचं नाव दिसलं, तेव्हा मी विचारलं. म्हणे, “वहिनींचं खातं आहे. जीएसटीच्या भानगडीत पडलो तर तुम्हाला या भावात कसं देणार?” खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण मला उलट खात्री पटली. इतकं स्वस्त का, याचं कारण मिळालं ना! थोडा बेकायदा फायदा आपल्यालाही होतोय म्हटल्यावर माणूस फार प्रश्न विचारत नाही, हे मला स्वतःवरूनच कळलं.

खोक्यावर काय होतं ते मी बघितलं, काय नव्हतं ते बघितलं नाही. परदेशी वस्तू इथे विकायची तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशातला माल, महिना-वर्ष आणि एमआरपी हे पाकिटावर छापावंच लागतं. माझ्या खोक्यावर यातलं एक अक्षर नव्हतं. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख वाचणारा माणूस मी.

कंपनीच्या ॲपला युनिट सापडेना. विक्रेता म्हणाला, “इंपोर्ट लॉट आहे दादा, तुमचं ॲप चालणार नाही,” आणि एका एपीके फाइलची, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायच्या फाइलची, लिंक पाठवली. ती मी टाकली नाही. भाचा शेजारीच बसला होता, त्यानं फोन हातातून काढूनच घेतला. सगळ्या प्रकरणात घडलेली शहाणपणाची गोष्ट एवढीच, आणि तीही माझी नाही.

आता हेल्मेटचं. हेल्मेटमध्ये कानापाशी खळगा असतो, स्पीकर त्यात बसतात. हे स्पीकर इतके जाड होते की दहा मिनिटांत कानाची पाळी दुखायला लागली. विचारलं तर पुन्हा व्हिडिओ: चमचा तापवा आणि खळगा थोडा खोल करा. मी गालाची गादी काढली, स्टीलचा चमचा गॅसवर धरला आणि आतल्या थर्माकोलवर टेकवला. चुर्र आवाज, घाण वास, आणि बोटभर खड्डा. बायको म्हणाली, “तो चमचा परत डब्यात ठेवू नकोस.” चमच्याची काळजी तिला होती, डोक्याची मला नव्हती. पडल्यावर मार शोषून घेतो तो हाच थर. हेल्मेटवरचा आयएसआय शिक्का आयएस ४१५१ या भारतीय मानकानुसार अख्ख्या हेल्मेटच्या चाचण्यांवर मिळतो, चमच्यानं कोरलेल्या हेल्मेटच्या नव्हे.

घरी चाचणी झकास झाली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आवाज खणखणीत. पण पार्किंगमध्ये कुठलंही ब्लूटूथ खणखणीतच चालतं.

जूनअखेर निघालो. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. हायवेवर दीड-दोनशे मीटर अंतर पडलं की आवाज तुटायचा. अस्सल युनिटवाल्या मित्राचं मेश आम्हाला ओळखतच नव्हतं. उंब्रजला चहाच्या टपरीवर अर्धा तास खटपट केली. शेवटी त्यानं माझं युनिट फोन असल्यासारखं साध्या ब्लूटूथनं जोडून घेतलं. मग मी मध्ये, तो पुढे, तिसरा मागे, अशी तीच जुनी साखळी. मित्र तेव्हाच म्हणाला, “हे मेश नाहीये.” मी म्हणालो, अपडेट बाकी असेल.

कोयनेनंतर धो धो पाऊस आणि धुकं. कुंभार्लीत दोन वळणं गेली की सगळं मुकं. तिसऱ्याच्या रेनकोटचा पट्टा चेनमध्ये गेला आणि तो घाटातच अडकला. तो माइकवर ओरडत होता, “थांबा, थांबा.” त्याच्या कानात ‘कनेक्टेड’ असं वाजत होतं, त्यामुळे आम्ही ऐकतोय अशीच त्याची समजूत. आम्ही खाली पोहोचून दहा मिनिटांनी मागे वळून पाहिलं. पट्टा कापून तो सुखरूप आला, पण चाळीस मिनिटं धुक्यातल्या वळणावर उभा होता. पूर्वी इंटरकॉम नसताना आम्ही आरशात बघत चालवायचो. त्या दिवशी बघितलं नाही.

परत येईपर्यंत चार्जिंगच्या भोकातून पाणी जाऊन माझं युनिट बंद पडलं. ‘वॉटरप्रूफ’चा शिक्का मात्र अजून चमकतोय. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. वापरताना उघडून उभी करायची असते ती अँटेना त्यानं आधी नखानं उचकटली. आत तार नाही, काही नाही. पोकळ प्लास्टिक. “साहेब, ही अँटेना नाही, झाकण आहे.” मग खालचा भाग उघडला, तर छोटीशी बॅटरी आणि तिच्या शेजारी दुहेरी टेपनं चिकटवलेली लोखंडी पट्टी. हातात घेतल्यावर वजनदार वाटावं म्हणून. लोगोचा स्टिकर सोलल्यावर खाली दुसरंच नाव खरवडलेलं दिसलं.

त्या दिवशी, म्हणजे पैसे दिल्यावर एकोणिसाव्या दिवशी, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला. तक्रार नोंदवून घेतली, पण तोवर खातं रिकामं झालं होतं. हा नंबर फसल्याच्या दिवशी, जमलं तर त्याच तासाला लावायचा असतो, पैसे वाटेत असतील तर अडवता येतात. पोलीस चौकीत पहिला प्रश्न आला, “माल मिळाला ना?” तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हे लोक विटेचा तुकडा न पाठवता चालणारं खेळणं का पाठवतात. मिळाला म्हटलं की प्रकरण ग्राहक तक्रारीत जातं. २०१९च्या ग्राहक कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण समोरच्याचं नाव-गाव तर हवं! माझ्याकडे इन्स्टाचं एक नाव आणि यूपीआयवरच्या वहिनी. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यानं सुरुवातीलाच चोवीस तासांत मेसेज उडण्याची सोय लावून ठेवली होती. हाती राहिले तीन स्क्रीनशॉट, रिकामा खोका आणि लोखंडी पट्टी.

ऑगस्टमध्ये नवं हेल्मेट घेतलं आणि दुकानातूनच साध्या ब्लूटूथची जोडी. मेश परवडत नाही, हे मान्य केलं. पैसे देण्याआधी दुकानदारालाच सांगितलं, माझ्या हेल्मेटमध्ये बसवा, माझ्या फोनवर कंपनीच्या ॲपमध्ये सिरियल नंबर दाखवा, आणि मित्राला चौकाला वळसा घालून येऊ द्या. तो वळणाआड गेला तसा आवाज गेला, परत आला तसा आला. खोक्यावरचा अंतराचा आकडा मोकळ्या मैदानातला असतो, हे दुकानदारानं स्वतःहून सांगितलं.

गेल्या महिन्यात नव्या नावाचं एक पान समोर आलं. तीच हिरवी सतरंजी, तेच तांब्याचं कडं, “होलोग्राम बघा, सील बघा.” खाली लोक किंमत विचारत होते. मी अँटेनाचा फोटो टाकून लिहिलं, हा माल माझ्याकडे आहे, उघडून बघा. चार मिनिटांत माझी कमेंट गायब झाली आणि ते पान मला दिसायचं बंद झालं.