आरसीआय की २०२१चा नवा कायदा: तुमची नोंद कुठे?

मतिमंद मुलांच्या शाळेत किंवा मनोरुग्णांच्या पुनर्वसन केंद्रात काम करायचं, तर आधी नोंदणी कुठे करावी, हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो.

भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, १९९२च्या कायद्याने आली. विशेष शिक्षक, वाचा-श्रवणतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नावं तिच्या केंद्रीय नोंदवहीत येतात. परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रमच लागतो, म्हणून प्रवेशाआधी मान्यता तपासाच. फी भरल्यावर कळलं तर वर्षं वाया जातात. नोंदणीचं नूतनीकरणही करावं लागतं आणि त्यासाठी प्रशिक्षणांना बसावं लागतं. हे मला आवडतं. ज्ञान शिळं झालं तर नुकसान मुलाचं होतं.

दुसरी वाट २०२१च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याची. मानसोपचार क्षेत्रातले सामाजिक कार्यकर्ते, समुपदेशक, मानसिक आरोग्य सहाय्यक यांना या कायद्यात जागा मिळाली. सहयोगी व्यावसायिकासाठी, म्हणजे निदान-उपचारात मदत करणाऱ्या तंत्रज्ञ किंवा सहाय्यकासाठी, किमान २,००० तासांचं शिक्षण हवं, पदवीधर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी ३,६००. नोंदणीचं काम राज्य परिषदांकडे आहे.

वर्गात अपंग मुलांसोबत काम करायचं असेल, तर मी नि:संकोच आरसीआय सांगेन. समुपदेशन किंवा एमएसडब्ल्यूकडे (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीकडे) ओढा असेल, तर दुसरी वाट. मात्र फक्त वीकेंडच्या प्रमाणपत्रावर कुणाच्या आयुष्याशी खेळू नका.