'अ फेअरवेल टू आर्म्स' गटात वाचायची तर कुठली प्रत घ्यावी?

अर्नेस्ट हेमिंग्वेची ही पहिल्या महायुद्धावरची कादंबरी १९२९ ची. लेखक १९६१ मध्ये गेला आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. म्हणजे २०२२ पासून ही कोणीही छापावी. त्यामुळे जळगाव-धुळ्याकडच्या पुस्तक प्रदर्शनांत हिच्या स्वस्त प्रतींचे ढीग असतात, मुखपृष्ठं वेगळी, पानांचे आकडेही वेगळे. एकट्याला वाचायला त्यातली कुठलीही चालेल. आठ-दहा जणांनी मिळून वाचून बोलायचं असेल, तर स्क्रिब्नर या प्रकाशकाची २०१२ ची 'हेमिंग्वे लायब्ररी' आवृत्ती गटात एक तरी असू द्या. बाकीच्यांनी स्वस्त घेतली तरी हरकत नाही.

स्वस्त प्रत घेताना ती मधोमध उघडून बघा. आतला समास पुरेसा नसला की ओळींची टोकं बांधणीत जातात आणि मोठ्याने वाचणारा दर ओळीला अडखळतो. नुसत्या डिंकावर चिकटवलेली प्रत आपल्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिली तर पानं सुटलीच म्हणून समजा. पाच भाग आणि ४१ प्रकरणं आहेत ना, हेही तपासा. संवादात मध्येच शब्दाऐवजी रेघ दिसली म्हणून प्रत परत करू नका. प्रकाशकाने १९२९ मध्ये शिव्यांच्या जागी रेघा टाकल्या, त्या नंतरच्या पुष्कळ आवृत्त्यांतही तशाच राहिल्या.

पानं मोजून वाटणी केली की पहिल्याच बैठकीत गोंधळ होतो. प्रकरणांनी करा: १ ते १२, १३ ते २४, २५ ते ३२, ३३ ते ३७ आणि ३८ ते ४१. पाच भाग, पाच बैठका. शेवटचे दोन छोटे आहेत, पण एकत्र करू नका.

गळती पहिल्या भागातच होते. पहिलं प्रकरण जेमतेम दोन पानांचं, त्यात एकाही पात्राचं नाव नाही, साल नाही. कॉलऱ्याने सैन्यातले सात हजार गेले, हेसुद्धा निवेदक हवामानाची बातमी द्यावी तसं सांगून टाकतो. हा अमेरिकन तरुण इटलीच्या सैन्यात रुग्णवाहिका सांभाळतो, एवढं आधी सांगून ठेवलं तर नवखा वाचक तरतो. तिसऱ्या भागातली माघार ज्या गावाच्या नावाने ओळखतात ते कापोरेत्तो मोबाइलच्या नकाशात शोधायचं तर 'कोबारिड' टाका. ते गाव आता स्लोव्हेनियात आहे, आणि इसोन्झो नदीला तिकडे सोचा म्हणतात.

संवाद एकानेच वाचू नयेत. हेमिंग्वे 'तो म्हणाला, ती म्हणाली' फार लिहीत नाही. दहा ओळींनंतर कोण बोलतंय ते ऐकणाऱ्याला कळेनासं होतं. दोघांनी वाटून घ्या. सहावं प्रकरण असं वाचून झालं की निवेदकाची प्रेयसी, ब्रिटिश नर्स कॅथरीन, हिच्याबद्दलचा नेहमीचा वाद (ही नुसती त्याच्या हो ला हो करणारी बाई आहे का?) जरा शहाणपणाने होतो. आधी ती त्याच्याकडून प्रेमाचे शब्द वदवून घेते, आणि थोड्याच वेळात हा सगळा खेळ आहे हे स्वतःच बोलून दाखवते. तिचा वाग्दत्त वर फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत मारला गेलाय, हे चौथ्या प्रकरणात येऊन गेलेलं असतं. त्याची छडी ती जवळ बाळगते. ज्यांनी ते प्रकरण चाळून सोडलं, तेच तिला बावळट ठरवतात.

खरा कस तिसऱ्या भागाचा. ऑक्टोबर १९१७ ची इटालियन सैन्याची कापोरेत्तोची माघार, चिखलात रुतलेल्या गाड्या, आणि पळणाऱ्या सार्जंटवर निवेदकाने झाडलेली गोळी. पुढे पुलापाशी लष्करी पोलीस आपल्याच सैन्यातल्या अधिकाऱ्यांना बाजूला घेऊन गोळ्या घालतात, तेव्हा वाचक अर्थातच निवेदकाच्या बाजूचा होतो. त्या क्षणी सार्जंटची आठवण करून द्या. बैठक तासभर लांबते. हेमिंग्वे स्वतः या माघारीत नव्हता. तो १९१८ मध्ये इटलीत आला आणि जुलैत पियावे नदीकाठी जखमी झाला. त्यामुळे 'आपबीती आहे' म्हणणाऱ्याला इथे थोपवता येतं.

लायब्ररी आवृत्तीचे जादा पैसे वसूल होतात ते परिशिष्टात. कादंबरीचे ४७ वेगवेगळे शेवट तिथे छापलेत. काही दोन-तीन ओळींचेच आहेत. ते पाचव्या बैठकीआधी कोणालाही दाखवू नका. ४१ वं प्रकरण संपल्यावर पाच-सहा निवडून वाचा आणि छापलेला शेवटच का टिकला, यावर बोला. उणीव म्हणाल तर एकच: इतकं सगळं देऊन माघारीचा रस्ता समजेल असा नकाशा स्वतःच काढून घ्यावा लागतो.

भरीत-पुरीचा बेत असेल तर पहिल्या बैठकीला उरकून घ्या. पाचवीला नको, शेवटचं प्रकरण बहुतेक दवाखान्यातलंच आहे. पहिल्या भागातही थंड मॅकरोनी आणि चीज खाता खाताच तोफगोळा येऊन पडतो म्हणा, पण तेवढं चालतं.