लहान कार्यालयासाठी फाइल सर्व्हर : जुना संगणक, नॅस की विंडोज सर्व्हर?

आठ-दहा जणांच्या करसल्लागार कार्यालयात फाइल सर्व्हरचा, म्हणजे सर्वांच्या फाइल्स एकत्र ठेवणाऱ्या यंत्राचा, विषय निघाला की चर्चा बहुधा किती टेराबाइटची डिस्क घ्यायची यावरच अडते. वास्तविक अशा कार्यालयाचा डेटा फार मोठा नसतो; स्कॅन केलेली बिले, विवरणपत्रांच्या पीडीएफ, एक्सेलचे तक्ते आणि टॅलीतील कंपन्यांचे हिशेब मिळून दोन टेराबाइट भरायलाही सहसा वर्षे लागतात. निवड खरे तर दोन गोष्टींवर ठरावी : एकच फाइल एका वेळी किती जण उघडतात, आणि ती चुकून पुसली गेल्यास बाहेरच्या माणसाला न बोलावता परत मिळते का.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावरचे एक फोल्डर शेअर करणे. विंडोजच्या साध्या आवृत्तीचा परवाना एका वेळी २० उपकरणांना अशी जोडणी देतो, त्यामुळे आकड्याची अडचण येत नाही. अडचण येते ती त्या संगणकावर कोणीतरी कामही करत असल्याने. अपडेटनंतर तो परस्पर रीस्टार्ट झाला की सगळ्यांच्या उघड्या फाइल्स तुटतात. शिवाय विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून अनेक जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. जुन्या झेरॉक्स-स्कॅनर यंत्राने थेट फोल्डरमध्ये स्कॅन टाकावे म्हणून एसएमबीची (नेटवर्कवरून फाइल्स वाटण्याच्या पद्धतीची) पहिली, जुनी आवृत्ती चालू करून देणारे तंत्रज्ञही भेटतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम पसरला तो विंडोजमधील याच एसएमबी आवृत्तीतल्या त्रुटीतून. तीन-चार जणांचे कार्यालय असेल आणि रोजचा बॅकअप खरोखर होत असेल, तरच हा पर्याय चालण्यासारखा आहे.

दोन डिस्कचा नॅस हा फाइल्स ठेवण्याच्या कामासाठीच बनवलेला, नेटवर्कला जोडायचा लहान डबा आहे. तो साधारण वीस वॅटवर चालतो, म्हणजे चोवीस तास चालू ठेवूनही महिन्याला १४-१५ युनिट. साठ वॅट घेणाऱ्या जुन्या संगणकाला तेवढ्याच वेळात सुमारे ४३ युनिट लागतात. युपीएसची यूएसबी केबल त्याला जोडली की वीज गेल्यावर बॅटरी संपण्याआधी तो स्वतः व्यवस्थित बंद होतो, आणि महावितरणचा पुरवठा दिवसातून दोनदा डोळे मिचकावतो तिथे ही सोय डिस्कच्या वेगापेक्षा मोलाची ठरते. पण त्याचा खरा फायदा स्नॅपशॉटचा, म्हणजे त्या त्या क्षणी फाइल्स कशा होत्या याच्या जपलेल्या नोंदीचा आहे. दर तासाचा स्नॅपशॉट लावून ठेवला, तर सकाळी अकराला बरोबर असलेला आणि बाराला कोणीतरी बिघडवलेला ताळेबंद विंडोजमध्ये राइट-क्लिक करून ‘प्रीव्हियस व्हर्शन्स’मधून कारकुनालाही परत काढता येतो. अगदी खालच्या किमतीच्या मॉडेलांत ही सोय बहुधा नसते, म्हणून थोडे पैसे वाचवण्याच्या नादात ती गमावू नये. डिस्क सीएमआर प्रकारच्या (ट्रॅक एकमेकांवर न चढवता लिहिणाऱ्या) आणि त्या मॉडेलच्या सुसंगत यादीतल्याच घ्याव्यात.

दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिणारे रेड १ म्हणजे बॅकअप नव्हे, हे मात्र विक्रेते क्वचितच स्पष्ट सांगतात. एक डिस्क मेली तरी काम चालू राहते, एवढेच त्याचे काम. पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते. तसेच घरून काम करता यावे म्हणून राउटरवर पोर्ट उघडून नॅस थेट इंटरनेटवर आणू नये. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रॅमने असेच उघडे राहिलेले क्यूनॅप या कंपनीचे नॅस गाठले होते. बाहेरून यायचे असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित मार्ग) लावावे.

विंडोज सर्व्हरची गरज फाइलींपेक्षा टॅलीमुळे अधिक पडते. डेटा शेअर्ड फोल्डरमध्ये असला की प्रत्येक संगणक तो नेटवर्कवरून वाचतो, आणि मोठ्या कंपनीच्या हिशेबात पाच-सहा जण एकदम नोंदी करू लागले की गती जाणवण्याइतकी घसरते. अशा वेळी टॅली सर्व्हरवरच चालवून सर्वांनी रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आपल्या संगणकावरून सर्व्हरचाच पडदा वापरत, आत येणे हा योग्य उपाय. पण त्यासाठी विंडोज सर्व्हरची स्टँडर्ड आवृत्ती, वापरकर्त्यामागे किंवा उपकरणामागे एक कॅल (वापराचा परवाना) आणि रिमोट डेस्कटॉपची आणखी वेगळी कॅल असा खर्च येतो. विंडोज प्रोवर एका वेळी एकच रिमोट सत्र चालते, आणि पॅच मारून ती मर्यादा काढणे परवान्याचा भंग आहे, मग हार्डवेअरवाला काहीही म्हणो. लिनक्सवरील सांबा किंवा ट्रूनॅस या फाइल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरना परवाना शुल्क नाही आणि दोन्ही उत्तम आहेत. मात्र ते बसवणारा माणूस हाताशी राहणार असेल तरच त्यांच्या वाटेला जावे.

क्लाउड ड्राइव्ह पीडीएफ आणि पत्रव्यवहारासाठी ठीक. चालू टॅली डेटा सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवणे मात्र धोक्याचे, कारण दोन संगणकांनी एकाच वेळी बदल केल्यास एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन प्रती उरतात. हिशेब कंपनीचे असतील तर कंपन्यांच्या लेखा नियमांतील ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे बंधनकारक आहे, आणि जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. म्हणून सेवा निवडताना डेटा कुठे राहतो हे लेखी विचारून घ्यावे.

माझा कौल बहुतेक कार्यालयांसाठी स्नॅपशॉट असलेल्या दोन डिस्कच्या नॅसला आहे. त्याच्या जोडीला युपीएस, गिगाबिट स्विच आणि आलटून पालटून घरी नेण्याच्या दोन बाहेरच्या डिस्क घ्याव्यात. टॅलीवर एकदम बसणारे पाचांहून अधिक असतील तरच विंडोज सर्व्हरचे कोटेशन मागवावे. काहीही घेतले तरी शेवटचा हप्ता देण्यापूर्वी विक्रेत्याला आपल्यासमोर एक फोल्डर पुसायला आणि ते आधी स्नॅपशॉटमधून, मग बाहेरच्या डिस्कवरून परत आणून दाखवायला सांगावे.