एम्स चाचणीचं किट: बेळगावात एक पावसाळा आणि एक थंडी वापरल्यावर

आमच्या कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात पावसाळ्याच्या तोंडावर एम्स चाचणीचं, म्हणजे एखादं रसायन डीएनए बदलतं का ते जिवाणूंवर पाहायचं, किट आलं, एम.एस्सी.च्या मुलांच्या प्रकल्पांसाठी. आता थंडीही सरत आली. घ्यावं का, असं मला विचारलंत तर जरूर घ्या. फक्त एस-९ वर, म्हणजे सोबत लागणाऱ्या यकृताच्या अर्कावर, पैसे वाचवायचा विचार असेल तर अजिबात घेऊ नका.

ही चाचणी बर्कलेच्या ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकात बसवली. यातल्या साल्मोनेला जिवाणूच्या जनुकात आधीच बिघाड असतो, त्यामुळे त्याला स्वतःचं हिस्टिडिन हे अमिनो आम्ल करता येत नाही आणि हिस्टिडिनविना तो वाढत नाही. नमुन्यातल्या रसायनानं डीएनए बदलला, तर काही पेशींतला तो बिघाड उलटून दुरुस्त होतो आणि प्लेटवर त्यांच्या वसाहती, म्हणजे ठिपके, उठतात. किटमध्ये या जिवाणूचे दोन वाण आहेत: टीए१०० डीएनएतल्या एका अक्षराच्या जागी दुसरं आल्याचा बदल पकडतो, टीए९८ अक्षर घुसल्या-गळल्याचा. ३७ अंशांवर दोन दिवस ठेवायचं आणि मोजायचं. वसाहती आपोआपही थोड्या उठतातच, म्हणून नमुन्याविनाची प्लेट नेहमी शेजारी हवी.

आमच्याकडे सगळ्यात बोलका नमुना ठरला मिश्रीचा. निपाणीच्या एका विद्यार्थिनीनं घरचीच आणली होती. तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायचा आणि कुटायचा, तीच. "मॅडम, आमची आजी दिवसातनं तीनदा लावते," असं ती म्हणाली आणि तिनं डीएमएसओ या द्रावकात अर्क काढला. टीए९८ वर नुसता अर्क घातला तेव्हा प्लेटा जवळपास गप्प. त्याच अर्कात एस-९ मिसळला आणि मात्रेगणिक वसाहती चढत गेल्या, दुपटीच्या वर. एस-९ म्हणजे उंदराच्या यकृताचा विकरांनी भरलेला अर्क. भाजताना तयार होणारा बेंझोपायरीन मुळात डीएनएला चिकटत नाही. यकृतातली विकरं त्याचं रूप पालटतात, मग तो चिकटतो. जिवाणूला यकृत नाही, म्हणून ते आपण बाहेरून द्यायचं. एस-९ न घालता कुणी 'निर्धोक' असा अहवाल देत असेल, तर तो कागद मी वाचणारसुद्धा नाही.

मुलीनं मला विचारलं, म्हणजे आजीला कॅन्सर होणार का? तसं या प्लेटा सांगत नाहीत. डीएनए बदलतो, एवढंच त्या सांगतात. तोंडात धरायच्या तंबाखूनं कॅन्सर होतो हे माणसांवरच्या अभ्यासांतून वेगळं सिद्ध झालेलं आहे, आणि आजीला सांगायचं ते त्या आधारानं सांगा, असं मी तिला म्हटलं.

मोजणीत एक गोष्ट डोळ्यात तेल घालून पाहावी लागते. प्लेटवर ओतायच्या वरच्या आगरात (जेलीसारख्या थरात) मुद्दाम चिमूटभर हिस्टिडिन असतं, त्यावर सगळेच जिवाणू थोडे वाढतात आणि प्लेटभर फिकट, दुधी थर दिसतो. नमुना विषारी असेल तर हा थर विरळ होतो. मग वाचलेल्या मोजक्या पेशींच्या वाट्याला जास्त हिस्टिडिन येतं आणि टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उठतात. ते उत्परिवर्तन नव्हे. प्लेट उजेडाकडे तिरकी धरून आधी थर बघायचा, मगच आकडा लिहायचा. किटच्या पुस्तिकेत यावर जेमतेम दोन ओळी आहेत, हे मला खटकलं.

खाण्याच्या पदार्थांचंही तसंच. एकाला आपल्या कुंद्याचा खरपूस भाग तपासायचा होता. कल्पना छान, कारण जपानच्या सुगिमुरांनी करपलेल्या माशातली घातक द्रव्यं याच चाचणीनं शोधली होती. पण दुधाच्या पदार्थात सुटं हिस्टिडिन असू शकतं आणि ते थेट जिवाणूंचं खाद्य होतं. आधी ते वेगळं काढा, मग तपासा. उद्यमबागेतून, आपल्या कारखान्यांच्या वसाहतीतून, कुणी धातूंचं सांडपाणी आणलं, तर मी आधीच सांगते की सहासंयुजी क्रोमियम यात सापडेल, पण निकेल, कॅडमियम बहुतेक निसटतील.

आता तक्रारी. एस-९ ची पहिली खेप आली तेव्हा डब्यातला ड्राय आइस संपलेला, कुप्या पातळ. फोनवर फोन केल्यावर पुरवठादारानं बदलून दिली, पण महिना गेला. उणे ८० चा फ्रीजर जनरेटरवर नसेल तर आपल्याकडच्या लाईटच्या भरवशावर ही वस्तू ठेवू नका. पावसाळ्यात इनक्युबेटरच्या खोलीत बुरशीनं छळलं. थंडीत सकाळी वरचं आगर ओततानाच गोठायचं. प्लेटा आधी कोमट करून घेतल्यावर ते थांबलं.

दोन वाणांचं हे किट चाळणीपुरतं आहे. औषध किंवा कीटकनाशकाच्या नोंदणीसाठी ओईसीडी ४७१ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे किमान पाच वाण लागतात. आणखी एक, किटमध्ये तुलनेसाठी दिलेलं सोडियम अझाइडचं द्रावण सिंकमध्ये ओतू नका. तांब्या-शिशाच्या नळांत त्याचे स्फोटक क्षार साठतात. तुलनेसाठी दिलेली बाकीची रसायनंही स्वतः उत्परिवर्तक आहेत, हातमोज्यांशिवाय मुलांच्या हाती देऊ नका.

मागवणार असाल तर एस-९ थंडीतच मागवा, आणि सोमवारी रवाना करायला सांगा, म्हणजे रविवारी कुरिअरच्या गोदामात पडून राहणार नाही. कुपी आली की त्याच दिवशी टू-अमिनोअँथ्रासिन (यकृताच्या विकरांनीच डीएनए बदलणारं होणारं रसायन) लावून विकरं जिवंत आहेत का ते बघा. वसाहती उठल्या नाहीत तर लगेच परत पाठवा.