एकच फेरी परवडणार असेल तर: कोची, पणजी की बंगळुरू?

दिवाळी आटोपली की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "ते पर्यावरण, हवामान, भविष्य वगैरेंवरचं कलाप्रदर्शन एकदा बघायचंय. सुट्टी चार दिवसांची आहे. कुठे जाऊ?" चटकन उत्तर देता येत नाही, कारण डोळ्यांसमोर असलेली तिन्ही ठिकाणं एका जातीची नाहीत. कोची-मुझिरिस बिएनाले दोन वर्षांतून एकदा भरावी अशी योजना, अलीकडे मधलं अंतर वाढलंय, आणि भरली की काही महिने चालते. पणजीचा सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल डिसेंबरात येतो आणि आठ-दहा दिवसांत आवरतो. बंगळुरूची सायन्स गॅलरी ही एक कायमची इमारत आहे. आतला विषय तेवढा बदलत राहतो.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असाल तर पुढचं वाचायला नको. एकटे किंवा दोघंच असाल आणि किमान अडीच दिवस हातात असतील तर कोची. बरोबर दहावी-बारावीतलं किंवा कॉलेजमधलं पोर असेल तर बंगळुरू. पणजी फक्त या विषयासाठी म्हणून नको. गोव्याला जाणारच असाल तर जरूर.

कोचीकडे माझा कल का, याचं उत्तर तिच्या नावातच आहे. मुझिरिस हे मिऱ्यांच्या व्यापाराचं जुनं बंदर. १३४१ साली पेरियार नदीला प्रचंड पूर आला, गाळाने ते बंदर संपलं आणि त्याच उलथापालथीत कोचीचं नैसर्गिक बंदर मोकळं झालं, असं मानतात. म्हणजे एका पुराने बुडवलेलं गाव आणि त्याच पुराने घडवलेलं गाव, या दोघांच्या नावाने हे प्रदर्शन भरतं. बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या दोघांनी ते २०१२ मध्ये सुरू केलं. दोघेही मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. पुढे २०१४ची आवृत्ती जितीश कल्लाट यांनी आणि २०१६ची सुदर्शन शेट्टी यांनी क्युरेट केली, म्हणजे कामं निवडून मांडली, तेही मुंबईकरच. त्यामुळे कोचीत मराठी माणसाला फार परकं वाटत नाही. जेवणाचं तेवढं जमवून घ्यावं लागतं.

इथे कलाकृती पांढऱ्याशुभ्र गॅलरीत नसतात. मसाल्यांची, काथ्याची जुनी गोदामं, ओलीने पोपडे आलेल्या भिंती, खिडकीतून दिसणारी जहाजं, अशा जागांत त्या मांडलेल्या असतात. २०१८च्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला, चारशेहून जास्त माणसं गेली, आणि त्याच डिसेंबरात बिएनाले भरली. बांगलादेशच्या मार्झिया फरहाना यांनी पुरात भिजून निकामी झालेलं घरगुती सामान गोळा केलं आणि छताला टांगलं. फर्निचर, विजेची उपकरणं, पुस्तकं, सगळं डोक्यावर लोंबत होतं. मांडणीशिल्प म्हटलं की "यात कला ती काय?" असं विचारणारे आपल्याकडे भरपूर आहेत, मीही त्यांतलीच. इथे मात्र तो प्रश्न सुचायला वेळच मिळत नाही. २००५चा जुलै मुंबईत किंवा २०१९चा ऑगस्ट सांगली-कोल्हापुरात काढलेल्या माणसाला तो वासदेखील ओळखीचा असतो: भिजलेल्या प्लायवूडचा, चिखल वाळलेल्या गादीचा.

पुढच्या आवृत्तीत, म्हणजे २०२२-२३ मध्ये, गोव्याच्या साहिल नाईक यांचं कुर्डी गावावरचं काम होतं. कुर्डी म्हणजे गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. साळावली धरणात ते बुडालं, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की दरवर्षी थोडे दिवस वर येतं. विस्थापित गावकऱ्यांच्या आठवणी आणि गाणी घेऊन त्यांनी ते काम उभं केलं. गोव्याची ही गोष्ट बघायला मला कोचीला जावं लागलं, याचं अजून नवल वाटतं. त्याच वेळी मुंबईच्या 'कॅम्प' या स्टुडिओचं 'बॉम्बे टिल्ट्स डाऊन'ही होतं. पस्तिसाव्या मजल्यावर बसवलेल्या एका सीसीटीव्ही कॅमेऱ्याने टिपलेली मुंबई, सात पडद्यांवर. कॅमेरा समुद्रावरून, टॉवरांवरून हळूहळू खाली उतरतो आणि निळ्या ताडपत्र्यांपाशी येऊन थांबतो. तापमानवाढीचा आलेख त्यात नाही. तरी पाणी वर चढलं तर आधी कुणाच्या घरात शिरेल हे कुणी वेगळं सांगायला लागत नाही.

आता कोचीचे तोटे. पर्यावरण हा तिथला एक धागा आहे, एकमेव विषय नाही. जात, युद्ध, शरीर, स्मृती असं बरंच काही असतं, आणि कोणत्या आवृत्तीत कशाला किती जागा मिळेल ते क्युरेटरवर अवलंबून. सहावी आवृत्ती १२ डिसेंबर २०२५ ते ३१ मार्च २०२६ अशी ११० दिवसांची. तिची सूत्रं निखिल चोप्रा आणि गोव्यातल्या एचएच आर्ट स्पेसेस या कलाकारांच्या गटाकडे. जागा फोर्ट कोची, मट्टांचेरी अशा विखुरलेल्या असतात, पायपीट होते, गोदामात उकडतं. गुडघे कुरकुरत असतील तर एका दिवशी दोनच जागा ठरवा. आणि उद्घाटनाच्या दिवसाचं विमान काढू नका. २०२२ मध्ये मुख्य प्रदर्शन ऐन वेळी १२वरून २३ डिसेंबरवर गेलं होतं. जानेवारीचा दुसरा पंधरवडा उत्तम. तोवर सगळी कामं लागलेली असतात आणि नाताळची गर्दी ओसरलेली असते.

पणजीचं गणित वेगळं. २०१६ पासून चाललेला हा महोत्सव नाटक, संगीत, नाच, खाणं, हस्तकला, छायाचित्रण सगळं एकत्र घेऊन येतो. प्रवेश फुकट, फक्त नोंदणी करावी लागते. गोवा मेडिकल कॉलेजची जुनी इमारत, मांडवीचा काठ, कला अकादमी अशा जागा चालत किंवा छोट्या रिक्षाफेरीत गाठता येतात. घरात एकाला चित्रं, एकाला गाणं आणि एकाला फक्त खाणं हवं असेल, तर अशा कुटुंबाला याहून सोयीचं ठिकाण नाही. नदी, खाण, किनारा, वाळू यांवरची कामं इथेही सापडतात. गोव्यात ती न सापडली तरच आश्चर्य. पण शेजारी ढोल वाजत असताना, हातात आइस्क्रीम असताना, पाण्याखाली गेलेल्या शेताच्या छायाचित्रासमोर किती वेळ उभं राहवतं? मला पाच मिनिटंसुद्धा जमलं नाही. हा दोष त्या कामाचा नव्हता, जत्रेचा होता. जत्रा म्हणून ती मात्र फर्मास आहे.

बंगळुरूची सायन्स गॅलरी विमानतळाकडे जाणाऱ्या बळ्ळारी रस्त्यावर आहे. इतिहासकार जाह्नवी फाळके तिच्या संस्थापक-संचालक. ही इमारत जानेवारी २०२४ मध्ये 'कार्बन' या प्रदर्शनाने लोकांसाठी खुली झाली. त्याआधी पाण्यावर 'सबमर्ज' हे प्रदर्शन त्यांनी केलं होतं. इथे कलावंत आणि शास्त्रज्ञ एकाच टेबलावर बसतात, आणि प्रत्येक मजल्यावर उभी असलेली तरुण मुलं तुम्हाला समोरची वस्तू समजावतात, उलट प्रश्नही विचारतात. कोचीत एखाद्या कामासमोर तुम्ही गप्प होता, इथे तुम्हाला बोलायला लावतात. त्यांचा मुख्य प्रेक्षक १५ ते २८ वयाचा, म्हणून मी म्हणते मुलांना न्या. भविष्याबद्दल बोलायचं तर तिघांत हीच जागा सरळ बोलते: कार्बन कुठून येतो, कुठे जातो, त्याचं काय करता येईल. कधी कधी हे सगळं जरा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाकडे झुकतं. मनात घर करून बसलेलं एखादं काम आठव म्हटलं तर मला कोचीची चार आठवतात, इथलं एखादंच. प्रवेश फुकट आहे. निघण्याआधी सध्या कोणतं प्रदर्शन चालू आहे ते बघा, कारण विषय दरवेळी पर्यावरणाचा असतोच असं नाही. दोन प्रदर्शनांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत पोचलात तर फेरी फुकट.

मुंबईकर विचारतील, एवढं लांब कशाला? असं प्रदर्शन आपल्या ससून डॉकवर झालंच होतं की. झालं होतं. २०१७ मध्ये, आणि पुन्हा २०२२-२३च्या हिवाळ्यात समुद्र आणि शहर या विषयावर. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले पराग तांडेल यांच्यासारखा खाडी आतून ओळखणारा कलावंत तिथे होता, आणि बाहेर सोलल्या जाणाऱ्या कोळंबीचा वास आत येत होता. पण ते पुन्हा कधी होईल यावर सुट्टी टाकता येत नाही, म्हणून तुलनेत धरलेलं नाही.

खर्च तिकिटात नाही, प्रवासात आणि राहण्यात आहे. कोचीची बिएनाले तिकीट लावते, पण ती रक्कम फोर्ट कोचीतल्या एका रात्रीच्या खोलीपुढे किरकोळ. हवामानबदलावरचं प्रदर्शन बघायला विमानाने जाणं कुणाला खटकत असेल, तर लोकमान्य टिळक टर्मिनसहून नेत्रावती एक्स्प्रेस आहे. पनवेल, रत्नागिरी, मडगाव करत ती एर्नाकुलमला पोचते, साधारण एक दिवस-रात्र धरा. तिथून हायकोर्ट जेट्टीवरून वॉटर मेट्रोची विजेवर चालणारी बोट फोर्ट कोचीला नेते. बंगळुरूला मुंबई-पुण्याहून उद्यान एक्स्प्रेस. पणजीसाठी मडगाव किंवा करमळी, हे सांगायला नकोच.

आणि पैसे, सुट्टी यातलं काहीच यंदा जमत नसेल, तर मे महिन्यात गोव्यात सांगे तालुक्यात जा. धरणातलं पाणी पुरेसं उतरलेलं असेल तर कुर्डीच्या घरांचे चौथरे आणि जुन्या वाटा दिसतात. सकाळी लवकर निघा, पाणी बरोबर घ्या, सावली अजिबात नाही. पाऊस सुरू झाला की गाव परत खाली जातं.