आंबोळीच्या पिठाएवढं घट्ट: गोबर गॅसचे नऊ महिने

आधीच कबूल करते, पर्यावरणासाठी म्हणून मी आजवर घरात जे जे आणलं त्यातलं बरंचसं माळ्यावर पडलंय. बांबूचा ब्रश आणला, तो आमच्याकडच्या पावसात आषाढ संपायच्या आत काळा पडला. कापडी पिशव्या सहा शिवल्या, त्या कायम घरी आणि मी बाजारात. कंपोस्टचा खड्डा खणला, त्यात जूनमध्ये पाणी भरलं आणि बेडकांनी संसार थाटला. त्यामुळे गोबर गॅसचा विषय मी काढला तेव्हा घरात कोणी फारसं मनावर घेतलं नाही. आता नऊ महिने झाले, रोज वापरतोय. कोणी विचारलं की तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

आमचं घर मालवण तालुक्यात, खाडीपासून वर चढणीला. माणसं पाच, गोठ्यात दोन गाई आणि एक म्हैस. सिलिंडरची गाडी खाली रस्त्यापर्यंतच येते, तिथून घाटी चढत तो खांद्यावरून आणायचा. तेव्हा खरं सांगायचं तर पर्यावरण माझ्या मनात दुसऱ्या नंबरला होतं. पहिल्या नंबरला ही घाटी.

माझ्या माहेरी पूर्वी खादी ग्रामोद्योगचा, तरंगत्या टाकीचा प्लांट होता. टाकी वर आली की गॅस आहे, खाली बसली की संपला, पोरांनाही कळायचं. पण ती टाकी लोखंडाची आणि आमची हवा खारी. दर वर्षी रंग देऊनही शेवटी तिला भोक पडलंच. म्हणून या वेळी दीनबंधू घेतला. हे १९८४ सालचं, अ‍ॅफ्प्रो या संस्थेने काढलेलं मॉडेल. जमिनीखाली विटांचा घुमट, हलणारा एकही भाग नाही, गंजायला काही नाही. त्याची खोड अशी की आत गॅस किती आहे ते दिसत नाही, आणि घुमट बांधणारा मिस्त्री जाणकारच लागतो. चिऱ्याचं घर सुंदर बांधणारा माणूस घुमट बांधू शकेलच असं नाही. आमच्या पहिल्या मिस्त्रीने आतलं प्लास्टर दुपारच्या जेवणाआधी उरकलं होतं. ते फोडून पुन्हा करावं लागलं. त्यात जांभ्याचा कातळ फोडून खड्डा मारायचा, ती मजुरी वेगळी. अनुदान मिळतं, पण पैसे आधी आपणच घालायचे आणि मग कागद कुठल्या टेबलावर आहे ते विचारत फिरायचं. एवढं बोलून तो विषय सोडते.

आता महत्त्वाचं, आणि माझी सगळ्यात मोठी चूक. आम्ही २ घनमीटरचा, म्हणजे रोज तेवढा गॅस देणारा, प्लांट बांधला. त्याला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, आणि ते आत साधारण ४० दिवस राहतं. म्हणजे पहिल्या भरणीलाच दोन टन शेण. शिमग्याच्या आधीचा सगळा महिना मी वाडीत ज्याच्या त्याच्या गोठ्यासमोर घमेलं घेऊन उभी होते. तो कसाबसा भरला. पण रोजचे ५० किलो आणायचे कुठून? कागदावर एका गाईचं दिवसाला दहा किलो आणि म्हशीचं पंधरा धरतात. आमच्या गाई गावठी, कोकण कपिला, अंगाने लहान. त्यात दिवसभर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चरतात, तिथलं शेण सड्यालाच. भातकापणीनंतर तर गुरं मोकळीच असतात. गोठ्यात रात्रीचं म्हणून जे सापडतं ते मी नंतर टांगायच्या काट्यावर मोजलं: २७-२८ किलो. बांधायच्या आधी मोजलं असतं तर १ घनमीटरवर भागलं असतं आणि कातळही कमी फोडावा लागला असता.

या २७-२८ किलोंत काय मिळतं? २५ किलो शेणाला साधारण १ घनमीटर गॅस, आणि १ घनमीटर म्हणजे सिलिंडरच्या सुमारे ४५० ग्रॅम गॅसइतकी आच. आमच्याकडे एक शेगडी दोन ते सव्वादोन तास चालते. सकाळचा चहा, भात, आमटी आणि संध्याकाळी थोडंफार. हिशेब केला तर महिन्याला जवळजवळ एक १४.२ किलोचा सिलिंडर. पूर्वी आम्हाला तो पाच-सहा आठवडे पुरायचा. या नऊ महिन्यांत दोन आणले. आंघोळीचं पाणी मात्र अजून न्हाणीतल्या चुलीवरच तापतं, नारळाची सोडणं आणि माडाची सुकी चुडतं घालून. ते या गॅसवर तापवायला बसलात तर भात कच्चा राहील.

भरल्यावर पहिले काही दिवस येणारा गॅस पेटत नाही. तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि आत राहिलेली हवा. हवा मिसळलेल्या गॅसला काडी लावणं धोक्याचं, म्हणून तो सोडून द्यायचा. यांना धीर नव्हता, रोज संध्याकाळी काडेपेटी हातात. पाडव्याच्या आदल्या दिवशी पहिली ज्योत आली. दिवसाउजेडी ती दिसतच नाही इतकी फिकट निळी. सासूबाई चष्मा पुसून दोनदा बघून गेल्या आणि म्हणाल्या, "अगो, शेणाच्या गॅसार देवाचो निवेद करुचो?" मी म्हटलं, आई, देवघर तुम्ही शेणानेच सारवता ना? त्या काही बोलल्या नाहीत. पण पाडव्याचा नैवेद्य सिलिंडरवरच झाला.

रोजचं काम काय, ते नीट सांगते, कारण पत्रकात "शेण व पाणी समप्रमाणात मिसळून टाकावे" एवढंच असतं. सकाळी सहाला मिसळायच्या टाकीत शेण ओतायचं आणि हात घालायचा. काठीने होत नाही. शेण अजून कोमट असतं, वर सायीसारखं आणि आत गोळे. गोळा बोटांत फुटला की आत भाताणाच्या काड्या लागतात, त्या उचलून बाजूला. काड्या आत गेल्या तर वर तरंगून जाड थर धरतात आणि गॅस अडतो. गोठ्याची लाल माती खाली बोटांना खरखरीत लागते, ती तळाशी बसू द्यायची आणि वरचंच सोडायचं. पाणी किती? मला आता मापाची बादली लागत नाही. आंबोळीच्या पिठाएवढं घट्ट झालं की बास, घावण्याच्या पिठाएवढं पातळ झालं की बिघडलं. मग तळाची गुडदी, म्हणजे बूच, काढायची. गडगड करत सगळं आत जातं आणि पलीकडच्या बाजूने तेवढीच मळी, म्हणजे गॅस देऊन झालेलं शेणपाणी, हळूच वर येते. वीस मिनिटं लागतात. हाताचा वास साबणाने जातो, बसमध्ये कोणी नाक मुरडलेलं नाही. निदान माझ्या समोर तरी.

पावसात याच घावण्याने घात केला. जूनमध्ये गॅस कमी झाला तेव्हा सगळे म्हणाले, थंडावा आहे, पावसात असंच होतं. पण आपल्याकडे पावसातही काही हुडहुडी भरत नाही. बघितलं तर मिसळायच्या टाकीवर छप्पर नव्हतं. रात्रभर पावसाचं पाणी साचायचं आणि सकाळी मी त्यातच शेण कालवायचे. वर झापांचा माटव घातला आणि दोन आठवड्यांत फरक पडला. दुसरं म्हणजे नळीतलं पाणी. गॅसमध्ये ओल असते, ती नळीत थंड होऊन साचते, मग ज्योत फडफडते आणि विझते. नळीला उतार हवा आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायची तोटी हवी. आमची तोटी मिस्त्रीने भिंतीच्या मागे, हात पोचणार नाही अशी बसवलीय. पावसात आठवड्यातून दोनदा मी तिथे आडवी होते.

माझे इतर प्रयोग फसले आणि हा टिकला, ते का, यावर मी विचार केलाय. आधी वाटायचं, एक दिवस चुकलं की चहाची पंचाईत होते म्हणून टिकला. तसं नाही. एक दिवस चुकला तर काहीही कळत नाही, आणि फसगत तिथेच आहे. वैशाखात आम्ही लग्नाला चार दिवस गेलो. शेजाऱ्यांनी गुरं बघितली, शेण गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, टाकलं. परत आलो तर ज्योत हातभर, कारण चार दिवस गॅस कोणी वापरलाच नव्हता. मी खूश, म्हटलं याला रोज खाऊ घालायची गरजच नाही, आणि आणखी दोन दिवस आळस केला. पुढच्या आठवड्यात भात अर्धा शिजून शेगडी मंदावली. आत जे आज नाही गेलं त्याची भूक नंतर दिसते, आणि तेव्हा आज कितीही घातलं तरी उद्या भरून येत नाही. तेव्हापासून शेण कालवणं हे दूध काढण्यासारखंच धरलंय. गोठ्यात चौथं जनावर आहे म्हणायचं. सुट्टी नाही.

या जनावराचं पोट बिघडतंही. गणपतीला चाकरमानी आले, घरात बावीस माणसं. पाचव्या दिवशी विसर्जनानंतर उरलेला भात, खीर, पुऱ्या, केळ्यांच्या साली, सगळं मी दोन घमेली भरून आत ढकललं. अन्न वाया जाऊ नये म्हणून! तिसऱ्या दिवशी शेगडीला काडी लावली तर ज्योत उडून विझायला लागली, आणि मळीला शेणाऐवजी आंबलेल्या पेजेचा वास. गोडाचं आणि पिठूळ अन्न फार लवकर कुजतं, आत आम्ल वाढतं, आणि मिथेन, म्हणजे यातला पेटणारा वायू, तयार करणारे जिवाणू त्यात नांगी टाकतात. मग आठ दिवस नुसतं शेण, अन्न बंद, थोडी चुन्याची निवळी. रुळायला दोन आठवडे लागले. तेव्हा स्वयंपाकघरातलं जायचं तर मूठ-दोन मूठ, रोज. लिंबाच्या साली, आमसुलांचा चोथा, तिसऱ्यांच्या शिंपल्या आणि माशांचे काटे नको. फिनेलने धुतलेल्या गोठ्याचं पाणी तर मुळीच नको.

मळीबद्दल मात्र पत्रकातलं कौतुक कमीच आहे. गॅस नसता तरी मळीसाठी मी हा प्लांट ठेवला असता. तिला वास नाही, माश्या नाहीत, आणि गायरीतल्या शेणासारखं तिच्यातून तण उगवत नाही. माडाच्या आळ्यात घातली, माठाला घातली, वांग्यांना घातली. माठाचं तर पान हाताएवढं. सासूबाईंची तक्रार वेगळी आहे. सगळं शेण प्लांटात गेलं, आता दिवाळीनंतर खळं कशाने सारवायचं? मी मळी दिली. त्यांनी एक कोपरा सारवून दाखवला. वाळल्यावर त्याचे पापुद्रे निघाले, ताज्या शेणाची पकड त्यात नाही. तेव्हापासून शनिवारचं शेण त्यांचं, असा तह झालाय.

आणखी एक, कारण "पर्यावरणपूरक" हा शिक्का बघून लोक गाफील राहतात. हा गॅस निम्म्याहून जास्त मिथेन आहे, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा अठ्ठावीसेक पट तापवतो. म्हणजे जोड गळत असेल किंवा गॅस उरवून तसाच सोडून देत असाल तर चूल बरी होती. आमच्या घुमटात जास्त झालेला गॅस मळीच्या बाजूने बुडबुडे काढत आपोआप निघून जातो. म्हणून गावाला जायच्या आधी मी चणे उकडते, कुळीथ उकडते, नाहीतर नुसतं पाणी तापवते. जोडांवर महिन्यातून एकदा साबणाचा फेस लावून बघते.

गुरं नसतील तर हा नाद नको. पुण्याच्या आरती संस्थेने घरातल्या खरकट्यावर चालणारा छोटा, प्लास्टिकच्या टाकीचा प्लांट काढला, त्याला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. गुरं नसलेल्यांनी तिकडे चौकशी करावी. गुरं आहेत पण सकाळी सहाला हात घालणारं माणूस नाही, अशा घरांतले बंद पडलेले प्लांट मला आमच्याच वाडीत दोन माहीत आहेत. एकात हल्ली केळ लावलीय, छान आलीय.

पाच पैकी किती द्याल म्हणाल तर चार. एक कापला तो मिस्त्रीच्या तोटीसाठी.

गेल्या महिन्यात वरच्या वाडीतले भाऊ चौकशीला आले. त्यांना मिस्त्रीचा नंबर हवा होता. मी म्हटलं, आधी हा काटा न्या आणि आठ दिवस गोठ्यातलं शेण मोजा, पावसाळा धरून हिशेब करा, मग नंबर देते. काटा अजून परत आलेला नाही. यांनी परवा पाहिलं, भाऊ त्यावर बांगडे तोलत होते.